व्हीआर प्रशिक्षण कक्षात हेडसेटचे ट्रॅकिंग वारंवार सरकत असेल तर: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

लक्षणे

वेल्डिंगचा प्रशिक्षणार्थी व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव) हेडसेट घालून आभासी जॉबसमोर, म्हणजे वेल्ड करायच्या तुकड्यासमोर, उभा राहतो. पहिली काही मिनिटे सर्व सुरळीत चालते, आणि मग टेबल हळूहळू बाजूला सरकू लागते, हातातला रॉडचा होल्डर थरथरतो किंवा एकदम दूर उडून जातो, ट्रॅकिंग (डोके आणि हात कुठे आहेत हे यंत्राने ओळखणे) हरवल्याची सूचना येते आणि सरावाच्या जागेची एकदा आखलेली सीमा पुन्हा आखावी लागते. हेडसेट बंद करून चालू केला की काम पुढे चालते. पण दुसऱ्या दिवशी, बहुधा त्याच वेळेला आणि त्याच जागी, तीच तक्रार परत येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि कारखान्यांचे प्रशिक्षण विभाग येथील व्हीआर कक्षांची देखभाल करताना मला सर्वांत जास्त वेळा हाच बिघाड दुरुस्त करावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण हेडसेटमध्ये नसून खोलीत सापडते.

खेळासाठी वापरलेल्या हेडसेटमध्ये चित्र थोडे सरकले तर फारसे बिघडत नाही. प्रशिक्षणात मात्र ते चालवून घेता येत नाही, याचे कारण आकड्यांतच आहे. 3.15 मिलिमीटरच्या रॉडने हाताने आर्क वेल्डिंग करताना आर्कची लांबी साधारण रॉडच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर राखायची असते. ट्रॅकिंग 5 मिलिमीटरने सरकले तर प्रत्यक्षात रॉड जॉबला चिकटला असता की आर्क तुटला असता, हे सिम्युलेटरला सांगताच येत नाही. प्रशिक्षणार्थी मग सरकलेल्या चित्राला अनुसरून हात वळवतो, आणि तीच चुकीची सवय घेऊन तो खऱ्या बूथमध्ये जातो. आभासी सरावाचा लाभ खरा असतो: येल विद्यापीठात झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्युलेटरवर तयारी केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम इतरांपेक्षा 29 टक्के कमी वेळात केले होते. पण असा लाभ व्हायचा तर यंत्राने हाताची हालचाल प्रामाणिकपणे मोजलेली असावी लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्या सत्रात ट्रॅकिंग सरकले त्या सत्राचे गुण नोंदवहीत चढवू नयेत. ते रद्द करून सत्र पुन्हा घ्यावे.

तपासणीला लागण्याआधी नेमके काय सरकते आहे ते पाहावे, कारण वरवर सारख्या वाटणाऱ्या तक्रारींची कारणे वेगवेगळी असतात. कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचे साधन, टेबलावर स्थिर ठेवावा आणि हेडसेट घालून डोके सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवावे. टेबल, भिंती आणि कंट्रोलर असे सर्वच एकत्र सरकत असेल तर दोष हेडसेटच्या स्वतःच्या स्थानाच्या अंदाजात आहे. दृश्य स्थिर राहून केवळ कंट्रोलर थरथरत असेल तर दोष कंट्रोलर किंवा त्याच्या आसपासच्या प्रकाशात आहे. दृश्य जागेवर आहे, पण अडखळत पुढे जाते किंवा त्यात चौकोनी ठिपके पडतात, असे असेल तर तो ट्रॅकिंगचा दोष नव्हेच. संगणकाची क्षमता, यूएसबी केबल किंवा वायफाय तपासावे. सर्व वस्तू योग्य जागी आहेत, पण टेबल गुडघ्याएवढे बुटके दिसते, तर जमिनीची पातळी पुन्हा ठरवावी. चित्र नुसतेच अस्पष्ट दिसत असेल तर भिंगांमधील अंतर जुळवावे. मेटा कंपनीच्या क्वेस्ट 2 हेडसेटमध्ये त्यासाठी 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीन जागा दिलेल्या आहेत. या शेवटच्या तीन तक्रारींसाठी पुढील तपासण्या करण्यात वेळ घालवू नये.

पहिली तपासणी: जागा बदलून पाहणे

या तपासणीला पैसा लागत नाही आणि अवजारही लागत नाही, तरी बहुतेक ठिकाणी ती कोणी केलेली नसते. तक्रार असलेला हेडसेट त्याच्या कंट्रोलरसह घेऊन जिथे काम व्यवस्थित चालते त्या बूथमध्ये चालवावा, आणि तिथला चांगला हेडसेट तक्रारीच्या बूथमध्ये आणावा. तक्रार बूथपाशीच राहिली तर दोष जागेत आहे. ती हेडसेटबरोबर गेली तर दोष यंत्रात आहे. या एका अदलाबदलीने पुढील निम्म्या तपासण्या वगळता येतात, आणि चांगला हेडसेट विनाकारण दुरुस्तीला जाण्याचे टळते.

त्याबरोबर एक वही सुरू करावी. बिघाडाची वेळ, बूथ क्रमांक, हेडसेट क्रमांक, कोणते दिवे आणि पंखे चालू होते, खिडकी उघडी होती का, एवढेच तिच्यात लिहावे. निदेशकांना हे सुरुवातीला जास्तीचे काम वाटते, पण काही दिवसांत त्या नोंदींमधून क्रम दिसू लागतो: दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीजवळचाच बूथ बिघडतो, किंवा शेजारच्या कार्यशाळेचा कॉम्प्रेसर सुरू असतानाच तक्रार येते.

दुसरी तपासणी: कॅमेऱ्यांच्या काचा

स्वयंपूर्ण, म्हणजे वेगळ्या संगणकाशिवाय चालणाऱ्या, हेडसेटच्या समोरच्या भागात लहान कॅमेरे बसवलेले असतात. क्वेस्ट 2 वर ते चार आहेत. खोलीतील कोपरे, कडा आणि ठळक खुणा या कॅमेऱ्यांनी टिपायच्या, त्यांना आतील गतिसंवेदकाच्या मापांशी जोडायचे आणि त्यावरून डोके कुठे आहे ते ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. गतिसंवेदक एकटा वापरला तर त्याची चूक क्षणाक्षणाला साचत जाते. कॅमेरे ती चूक सतत दुरुस्त करतात. एका कॅमेऱ्यावर बोटाचा तेलकट ठसा असला तरी ही दुरुस्ती कमकुवत होते. प्रशिक्षण कक्षात हेडसेट दिवसभर हातोहात फिरतो, आणि घालताना-काढताना बोटे नेमकी त्याच कोपऱ्यांवर पडतात.

कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने प्रत्येक कॅमेऱ्याची काच हलक्या हाताने पुसावी. कार्यशाळेतील कॉटन वेस्ट (पुसायचा सुती धाग्यांचा गोळा) किंवा रुमाल वापरू नये. त्यातल्या धातूच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात. आतील भिंगांवर अल्कोहोल किंवा सॅनिटायझर कधीही लावू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्यात, वातानुकूलित खोलीतून दमट कार्यशाळेत हेडसेट नेला की काचांवर बाष्प धरते. तेव्हा तो पुसत बसण्यापेक्षा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे.

तिसरी तपासणी: कंट्रोलरमधील सेल

केवळ हात थरथरत असेल तर सर्वांत आधी सेल पाहावा. कंट्रोलरवर अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचे लहान दिवे असतात आणि हेडसेटचे कॅमेरे त्यांवरून हाताची जागा ओळखतात. सेल कमजोर झाला किंवा कप्प्यातली स्प्रिंग सैल पडली तर हात झटक्यात फिरवताना क्षणभर वीज तुटते आणि कंट्रोलर दूर उडाल्यासारखा दिसतो. वेल्डिंगच्या सरावापेक्षा हातोडा मारणे किंवा अग्निशामक यंत्र फिरवणे अशा सरावात हे जास्त जाणवते.

नवा अल्कलाइन पेन्सिल सेल घालून पाहावा. रिचार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलचे व्होल्टेज 1.2 असते, साध्या सेलचे 1.5, त्यामुळे पूर्ण भरलेला रिचार्जेबल सेलसुद्धा पडद्यावर अर्धवट भरलेला दिसू शकतो, तेवढ्यावरून तो टाकून देऊ नये. सेल हाताने हलवल्यावर खुळखुळत असेल तर त्याच्याभोवती चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. घामाने संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढला असेल तर सेल काढून तो कोरड्या कापसाने साफ करावा.

चौथी तपासणी: प्रकाश

खोलीच्या दोषांत प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून या तपासणीला वेळ द्यावा.

सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. खिडकीतून थेट ऊन बूथमध्ये आले की त्या झगमगाटात कंट्रोलरचे दिवे हरवून जातात. जाड पडदा लावून पाहावे. तक्रार थांबली तर कारण सापडले. इथे एक कडक सूचना द्यावीशी वाटते: काम संपल्यावर हेडसेट भिंगे वर करून उन्हात कधीही ठेवू नये. भिंगे ऊन एका बिंदूवर एकवटतात आणि आतील पडदा काही क्षणांत कायमचा जळतो. त्यावर पडदा बदलण्याखेरीज इलाज नाही.

उलट, खोली फार अंधारी असली तरीही कॅमेऱ्यांना खुणा दिसत नाहीत. काही ठिकाणी आभासी अनुभव चांगला यावा म्हणून दिवे मालवले जातात. हेडसेट घातलेल्या माणसाला खोलीतील प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे या काळोखाचा उपयोग काही नाही आणि तोटा मात्र निश्चित आहे. अंधारात सीसीटीव्ही कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे आपोआप सुरू होतात आणि त्यांचीही कंट्रोलरच्या बिंदूंशी गल्लत होऊ शकते. पुस्तक सहज वाचता येईल एवढा, सर्व बाजूंनी सारखा प्रकाश योग्य असतो.

तिसरा मुद्दा लुकलुकण्याचा आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असते. हेडसेट परदेशातून आणलेला असेल, किंवा त्याचा स्वतःचा अंदाज चुकत असेल, तर कॅमेऱ्यांचा वेग दिव्यांशी जुळत नाही आणि चित्र थरथरते. काही हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ‘आपोआप’, 50 हर्ट्झ आणि 60 हर्ट्झ यांतून निवडता येते. ती 50 वर ठेवून पाहावी. दिवे लुकलुकतात की नाही हे तपासण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन चित्रण करावे. काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या बूथपुरता चांगल्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचा) दिवा लावावा.

शेवटी आजूबाजूचे ठिपकेदार उजेड पाहावेत. गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या दिवसांत संस्थेच्या सभागृहात दिव्यांच्या माळा लागतात आणि व्हीआरचा वर्गही तिथेच भरलेला असतो. त्या माळांचे बारीक बिंदू कॅमेऱ्यांना कंट्रोलरच्या दिव्यांसारखे भासू शकतात. सत्रापुरत्या त्या बंद ठेवाव्यात. व्हीआर बूथ खऱ्या वेल्डिंगच्या कार्यशाळेतच मांडला असेल तर शेजारच्या आर्कचा लखलखाटही तसाच त्रास देतो. मधे अपारदर्शक वेल्डिंग पडदा लावावा. डोळ्यांच्या संरक्षणासाठी तो तसाही आवश्यक आहे.

पाचवी तपासणी: भिंती, फरशी आणि पंखा

कॅमेऱ्यांना स्थिर, ठळक आणि एकमेकांहून वेगळ्या खुणा लागतात. नव्याने रंगवलेली कोरी पांढरी भिंत, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, काचेचे विभाजक आणि कपाटाला बसवलेला आरसा यांतून असे काहीच मिळत नाही. चकाकीत आणि आरशात तर माणसाबरोबर सरकणारी खोटी खोली दिसते. आरसा कापडाने झाकावा, फरशीवर मॅट चटई टाकावी.

छताचा पंखा आणि वाऱ्याने हलणारा पडदा यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वरच्या कॅमेऱ्यांना छत दिसते, आणि खुणांअभावी पंख्याची पातीच खूण म्हणून धरली गेली तर जग डगमगते. प्रशिक्षणार्थ्याभोवती घोळका करून उभी राहणारी मुले हाही याच जातीचा अडथळा आहे. पंखा बंद ठेवणे एप्रिल-मे महिन्यांत शक्य नसते. म्हणून भिंतींवर भरपूर स्थिर खुणा देणे हा व्यवहार्य उपाय आहे, आणि पाहणाऱ्यांनी दोन पावले मागे, एकाच बाजूला बसावे.

आता जो मुद्दा मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगतो तो. प्रशिक्षण कक्षांत चार-सहा बूथ हुबेहूब सारखे बांधले जातात: तेच प्लायवूड, तोच रंग, तेच टेबल. हेडसेट प्रत्येक जागेचा नकाशा साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी समोरचे दृश्य त्याच्याशी ताडून पाहतो. तिसऱ्या बूथमध्ये असताना त्याला आपण दुसऱ्या बूथमध्ये आहोत असे वाटले की सीमा भिंतीपलीकडे जाते आणि टेबल तिरके उभे राहते. यावरचा उपाय अतिशय स्वस्त आहे. प्रत्येक बूथमध्ये वेगळे तक्ते लावावेत: एकात वेल्डिंगच्या चिन्हांचा, एकात सुरक्षा साधनांचा, एकात रॉडच्या प्रकारांचा. ते वेगवेगळ्या उंचीवर, मुद्दाम विषम मांडणीत लावावेत. एका ओळीत आणि सारख्या अंतरावर लावलेले तक्ते पुन्हा सारखेच दिसतात. फरशीवर रंगीत चिकटपट्टीने बूथचा क्रमांक मोठ्या अक्षरांत काढावा. आणि हेडसेटला बूथ नेमून द्यावा.

सहावी तपासणी: साठवलेला नकाशा आणि प्रणाली

खोली सुधारल्यावरच सेटिंगला हात घालावा. आधीच नकाशा पुसला तर बिघडलेल्या खोलीचा नवा नकाशा तयार होतो आणि श्रम वाया जातात. सीमेचा जुना इतिहास पुसावा, हेडसेट पूर्ण बंद करून चालू करावा, बूथमध्ये सावकाश चारही दिशांना पाहत एक फेरी मारावी आणि मग सीमा आखावी. टेबल किंवा कपाट हलवले असेल तेव्हाही हे करणे आवश्यक असते. सर्व हेडसेटवर प्रणालीची, म्हणजे आतील मूळ सॉफ्टवेअरची, एकच आवृत्ती असावी आणि आपोआप होणारे अद्ययावतीकरण सत्रांच्या वेळेबाहेर ठेवावे.

यानंतर खात्री करून घ्यावी. टेबलाच्या एका पक्क्या कोपऱ्याला कंट्रोलरचे टोक टेकवून आभासी टोक कुठे दिसते ते पाहावे, पंधरा मिनिटे नेहमीसारखा सराव करावा आणि पुन्हा त्याच कोपऱ्याला टेकवावे. फरक पोलादी पट्टीने मोजावा. वेल्डिंगच्या मूल्यांकनासाठी तो 2 मिलिमीटरच्या वर गेलेला मी स्वीकारत नाही. उंचीवरील कामाच्या किंवा आग विझवण्याच्या सरावात एखादा सेंटिमीटर चालू शकतो.

कॅमेरे हेडसेटवर नसलेल्या प्रणाली

एचटीसी कंपनीच्या व्हाइव्हसारख्या काही प्रणालींत खोलीच्या कोपऱ्यांत बेस स्टेशन बसवलेली असतात आणि ती अवरक्त लेझरचा झोत खोलीवरून फिरवतात. तिथे खोलीतील खुणांचा प्रश्न नसतो, पण बेस स्टेशन तसूभर जरी हलले तरी सारे जग हलते. कार्यशाळेत ती प्लायवूडच्या विभाजकावर ठोकलेली असतात आणि कॉम्प्रेसर किंवा ग्राइंडर सुरू झाला की विभाजक थरथरतो. ती पक्क्या भिंतीवर, 2 मीटरहून उंच, 30 ते 45 अंश खाली झुकवून बसवावीत आणि काच व आरसे झाकावेत. काही वेल्डिंग सिम्युलेटर चुंबकीय क्षेत्राने हाताची जागा मोजतात. त्यांच्याजवळचे लोखंडी टेबल, सळया किंवा वेल्डिंग मशिन क्षेत्र वाकवतात, म्हणून तिथे लाकडी टेबल वापरावे आणि लोखंड दूर ठेवावे.

सातवी तपासणी: फॅक्टरी रीसेट

फॅक्टरी रीसेट म्हणजे हेडसेट कारखान्यातून आला तसा कोरा करणे. अदलाबदलीत दोष हेडसेटबरोबरच फिरतो हे सिद्ध झाल्यावरच ही पायरी घ्यावी. रीसेटमध्ये हेडसेटवर साठवलेले प्रशिक्षणार्थ्यांचे निकाल, खाती आणि स्थापित केलेली प्रशिक्षण सॉफ्टवेअर पुसली जातात. आधी निकाल बाहेर काढून घ्यावेत आणि सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा सुरू करता येईल याची पुरवठादाराकडून लेखी खात्री घ्यावी. कंट्रोलर नंतर पुन्हा जोडावे लागतात.

कुठे थांबावे

चांगल्या बूथमध्ये, रीसेटनंतरही तोच हेडसेट सरकत असेल तर तिथे थांबावे. कॅमेऱ्यांची परस्पर जागा आणि कोन कारखान्यात सूक्ष्म मोजमापाने ठरवलेले असतात. हेडसेट पडून चौकट किंचितही वाकली तर ते माप वापरणाऱ्याला परत जुळवता येत नाही. स्क्रू उघडून आत पाहण्याने काही साधत नाही, वॉरंटी मात्र जाते. असा हेडसेट अधिकृत सेवा केंद्राकडेच द्यावा.

हेडसेट फुगलेला वाटला, शिवणीत फट दिसली, चार्ज होताना हात लावता येणार नाही इतका तापला किंवा जळका वास आला तर ट्रॅकिंगची चौकशी त्याच क्षणी थांबवावी. ते लिथियम बॅटरीचे लक्षण आहे. चार्जर काढावा, हेडसेट ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावा, पुन्हा चार्ज करून पाहू नये आणि सेवा केंद्राला कळवावे. खोलीतील दिवे बदलताना ड्रायव्हर किंवा चोक उघडावा लागत असेल, अथवा बेस स्टेशनच्या जोडणीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर परवानाधारक वायरमनला बोलवावे.

प्रशिक्षणार्थ्याला मळमळ, घाम, डोकेदुखी किंवा भोवळ जाणवली तर सत्र लगेच बंद करावे. सवयीने जाईल, असे सांगून त्याला पुढे रेटू नये. सरकणाऱ्या चित्रामुळे डोळे आणि कानातील तोलाचे इंद्रिय परस्परविरोधी माहिती देतात आणि त्रास वाढतच जातो. पूर्ण बरे वाटेपर्यंत त्याने मोटारसायकल चालवू नये आणि खऱ्या मशिनवर उभे राहू नये. त्रास रेंगाळला, किंवा आकडी (फिट) आली, तर डॉक्टरांकडे नेणे हेच पहिले काम.

सेवा केंद्राला पाठवताना हेडसेटबरोबर त्याचे दोन्ही कंट्रोलर द्यावेत, कारण जोडी तुटली तर हाताचा दोष तिथे दिसतच नाही. अदलाबदलीचा निकाल, प्रणालीची आवृत्ती, कोपऱ्याच्या चाचणीतील फरक मिलिमीटरमध्ये आणि हेडसेट कधी पडला होता का, हे एका कागदावर लिहून द्यावे. सरकणारे दृश्य हेडसेटमधूनच ध्वनिचित्रित करून सोबत जोडावे; दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर तो बिघाड पुन्हा दिसेलच असे नाही.